सुरुवातीला कोणीतरी बडबडत होतं

सुधाकरचा आवाज एका माणसाने कचरा म्हणून कापून टाकला.

आज सुधाकरला जाऊन वर्ष झालं. सकाळी भिवपुरीला बुद्धवंदना झाली, फोटोला फुलं वाहिली, घरी आलो. आता जे लिहिणार आहे ते गोड नाही. गोड वाचायचं असेल त्यांनी पुढे सरकावं.

ज्यांना तो माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो.

सुधाकर भिवपुरीच्या वीजकेंद्रात ऑपरेटर. राहायला तिथल्याच क्वार्टरमध्ये. मी चौकला हायवेवर गॅरेज टाकलेलं. गॅरेज म्हणजे काय, एक ताडपत्री आणि पान्ह्यांचा डबा. ऐंशी सालच्या आसपासची गोष्ट. तो मोटारसायकल घेऊन आला. मी गाडीला हात न लावता, नुसत्या आवाजावरून सांगितलं, इंजिनचे टॅपेट वाजतायत.

तो बघतच राहिला. "तुला कान हाय रं. रॉक ऐकतोस का?"

मी म्हटलं, "भजन ऐकतो."

"मग रविवारी चल माझ्याबरोबर."

त्या रविवारपासून आठ-नऊ वर्षं मी त्याचा माइक स्टँड होतो. खरंच सांगतो. मी उंच, म्हणून माइक मोज्यात घालून माझ्या कॉलरला अडकवायचा. मोजा वाऱ्याचा आवाज येऊ नये म्हणून. टेपरेकॉर्डर त्याच्या खांद्यावरच्या रेक्झिनच्या पिशवीत. मुंबईच्या कॉलेजांची मैदानं, हॉल, जिथे म्हणून लांब केसांची पोरं गिटार घेऊन उभी राहायची तिथे आम्ही दोघं रेकॉर्डिंग करत.

आणि नियम कडक. टाळी नाही, शिट्टी नाही, खोकला आला तर गिळायचा. आजूबाजूला हजार पोरं नाचतायत आणि आम्ही दोघं रांगेतल्या खांबांसारखे.

एकदा माझा पाय हलला. कानात आलाच तो. "दिनू, नाचायला आलायस का रं? ड्रम हलतायत माझे!"

खोपोलीचं तर विसरत नाही. एका कारखान्याच्या वार्षिक कार्यक्रमाला मॅनेजरच्या मुलाने मुंबईहून बँड आणला. दुपारचे चार. सतरंजीवर कामगार, त्यांच्या बायका, पोरं. बँडवाले वायरी जोडत होते आणि स्पीकरमधून सारखी घूं घूं. सुधाकर सरळ स्टेजवर.

"तुमच्या गिटारला काय नाय झालं. अर्थिंग नाय तुमचं."

ती पोरं इंग्रजीत काहीतरी म्हणाली. ह्याने ऐकलंच नाही. लोखंडी सळई मागवली, स्टेजमागे जमिनीत ठोकली, कँटीनमधून मीठ आणून मीठपाणी ओतलं, वायर जोडली. घूं घूं बंद. गिटारवाल्याने ह्याला हात जोडले.

पहिलं गाणं सुरू झालं, गाणारा पोरगा किंचाळायला लागला तशी माझ्या शेजारची म्हातारी म्हणाली, "काय झालं गं त्या पोराला? कुनी मारला का?"

मी हसू गिळलं. माझ्या कॉलरला माइक होता.

प्रत्येक कॅसेटच्या सुरुवातीला सुधाकर अर्धं मिनिट बोलायचा. "मी सुधाकर, भिवपुरी. जागा खोपोली. ऊन फार हाय. बाजूला दिनू उभा हाय, त्याला हलू नको म्हणून सांगितलंय." मग गाणी. कोणी मागितली तर जशीच्या तशी कॉपी करून द्यायचा. कोरी कॅसेट तुमची, मेहनत त्याची.

पुढे त्याच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज गेला. शेवटची चार वर्षं तो वहीत लिहून बोलायचा.

त्याच काळात पुण्याचे एक गृहस्थ आले. जुनी रेकॉर्डिंग जमवतात म्हणे. "सगळं डिजिटल करून देतो, कॅसेट परत आणून देतो." सुधाकरने वहीत लिहिलं, माणूस कसा वाटतो?

मी, चौकचा मोठा कानवाला, म्हणालो, "आवाजावरून सरळ वाटतो. दे."

खोकाभर कॅसेट मीच गाडीत ठेवल्या. परत काही आलं नाही. सुधाकर गेला.

गेल्या महिन्यात वहिनी म्हणाल्या, "भावजी, मला त्यांचा आवाज आठवंना झालाय. आठवायला बसते आणि ऑपरेशननंतरचा श्वासाचा खरखराटच येतो."

मी त्या गृहस्थांचं चॅनल उघडलं. खोपोली आहे. मुंबईची मैदानं आहेत. वर लिहिलंय, 'माझ्या खजिन्यातून'. प्रत्येक रेकॉर्डिंग थेट गिटारपासून सुरू.

फोन लावला.

"काका, ऑडिओ क्लीन केला ना. सुरुवातीला कोणीतरी बडबडत होतं, ते काढलं."

कोणीतरी!

अहो, ज्याने उन्हात उभं राहून श्वास धरून ते रेकॉर्ड केलं तो कोणीतरी, आणि ज्याने घरी बसून बटण दाबलं त्याचा खजिना?

"बरं, मूळ कॅसेट?"

"घर बदललं तेव्हा भंगारात गेल्या. बुरशी आली होती काका."

बुरशी मी पुसली असती. कार्ब्युरेटरमधला चिखल पुसून उभा राहिलेला माणूस आहे मी. पण ह्याला विचारावंसंही वाटलं नाही. खजिन्याखाली भिवपुरीच्या सुधाकरचं नाव टाक म्हणालो तर, "बघतो." अजून बघतोय.

त्याच्यावर चिडलोय. त्याच्याहून जास्त स्वतःवर. वहिनींसमोर आज सकाळी मान वर झाली नाही.

म्हणून ही पोस्ट. कर्जत, खोपोली, चौक, कुंभिवली, भिवपुरी क्वार्टर, मुंबईचे कॉलेजवाले. सुधाकरने तुमच्यापैकी बऱ्याच जणांना कॉपी करून दिली होती. माळे उघडा. जुन्या सुटकेस उघडा. बुरशी असली तरी चालेल, तुटली असली तरी चालेल, मी स्वतः न्यायला येतो.

गाणी तुमचीच राहू द्या. गाणं सुरू व्हायच्या आधीचं ते अर्धं मिनिट तेवढं वहिनींना ऐकवायचंय.

सुधाकर, जयभीम.

माझं चुकलं रं.