विहिरीत उडी कुणी मारली

नारायण वांगीकर सोलापुरात सरळ माणूस म्हणून ओळखले जात. छत्तीस वर्षं पोस्टात काढली, कुणाची मनिऑर्डर अडकवली नाही की कुणावर आवाज चढवला नाही. घरात मात्र त्यांची आणखी एक ओळख होती. चौदाव्या वर्षी केमच्या विहिरीत उडी मारून त्यांनी धाकट्या बहिणीला, प्रभाला, वाचवलं होतं. सून चेतना हिला ही गोष्ट लग्न ठरतानाच सांगितली गेली होती. नऊ वर्षांच्या नातीला, देवयानीला, ती तोंडपाठ होती.

ती गोष्ट खोटी होती. नारायणरावांखेरीज ते आणखी एकाच माणसाला माहीत होतं.

गेल्या मे महिन्यात मुलगा अनीश सगळ्यांना सिनेमाला घेऊन गेला. सिनेमा लहान मुलांचा. पाण्याला घाबरणारी एक मुलगी आजारी आजीच्या औषधासाठी एकटी होडी घेऊन नदी ओलांडते, एवढीच गोष्ट. देवयानी सगळा वेळ खुर्चीच्या टोकाशी बसून होती. होडी कलंडायला लागली तेव्हा नारायणरावांनी डोळे मिटून घेतले.

बाहेर आल्यावर पार्क चौकात आइस्क्रीम घेतलं. चेतना शाळेत शिकवते, त्यामुळे सवयीप्रमाणे तिने विचारलं, "मग, काय शिकलो आज?"

"घाबरणं वाईट नसतं," अनीश म्हणाला.

देवयानी आजोबांकडे वळली. "आजोबा, प्रभाआजीसाठी उडी मारताना तुम्हाला भीती वाटली होती?"

"छे! बहीण बुडतेय म्हटल्यावर भीती कसली?" हे वाक्य त्यांनी आजवर शंभरदा तरी म्हटलं असेल.

"मग तुम्ही शूर नाही झालात."

"देवू!" चेतनाने दटावलं.

"अगं, सिनेमात तेच दाखवलं ना! भीती वाटते आणि तरी जो जातो तो शूर. आजोबांना तर भीतीच वाटली नाही."

सगळे हसले. नारायणरावही हसले. पण उरलेलं आइस्क्रीम त्यांनी देवयानीला देऊन टाकलं.

भीती वाटली होती. भीतीशिवाय दुसरं काही वाटलंच नव्हतं. त्यांचे वडील केमच्या शाळेत मास्तर होते. त्या दुपारी सहा वर्षांची प्रभा नारायणच्या मागे मागे पायऱ्यांच्या विहिरीवर आली आणि तोल जाऊन पाण्यात पडली. त्याच विहिरीत नारायण रोज पोहायचा, मुटके मारायचा. पण बहिणीचा हात पाण्याखाली जाताना दिसला आणि त्याचे पाय तिसऱ्या पायरीला चिकटले. ओरडायलाही तोंड उघडेना. मागून कुणीतरी धडधडत आलं आणि त्याच्या खांद्याला घासून पाण्यात पडलं. तो अजिनाथ होता, धनगराचा बारा वर्षांचा पोरगा. त्याला धड पोहता येत नव्हतं. हातपाय मारत, पाणी पीत त्याने प्रभाचे केस धरले आणि तिला पायरीपर्यंत ओढत आणलं. नारायणने फक्त हात पुढे केला.

मग तिला उचलून तो घरी पळाला. तिच्या अंगच्या पाण्याने त्याचा सदरा चिंब झाला होता. आईने विचारलं, "तू उडी मारलीस?" तो काहीच बोलला नाही. त्या न बोलण्याचा अर्थ आईने लावला. संध्याकाळपर्यंत गावाने लावला. पंधरा ऑगस्टला शाळेने त्याला कंपासपेटी दिली, आणि त्यानंतर गप्प राहून भागेना, म्हणून तो बोलायला लागला.

सिनेमानंतर आठवडाभर नारायणराव जेवणावरून अर्धवट उठत होते. शेवटी पोस्टातल्या जुन्या मित्राकडे जातो असं सांगून ते सकाळच्या गाडीने केमला गेले.

अजिनाथ वस्तीवर लिंबाखाली बसून शेळीच्या खुरात रुतलेला काटा काढत होता. मिशा पांढऱ्या, एका डोळ्यात फूल पडलेलं.

"ओळखलंस का?"

"मास्तरांचं नारायणदादा न्हवं तुमी? बसा की." त्याने सुनेला चहा ठेवायला सांगितलं.

नारायणराव मनात जुळवून आणलेलं सगळं विसरले. "त्या दिवशी प्रभाला तू काढलंस," ते एकदम म्हणाले. "मी नुसता उभा होतो. आणि सगळ्यांना सांगत आलो, मी काढलं म्हणून."

"म्हाईत हाय की."

"मग बोलला का नाहीस कधी?"

"बोललो हुतो." अजिनाथने शेळी सोडून दिली. "मी हिरीत हुतो तवा शेरडं पाटलाच्या ज्वारीत शिरली. त्येनं ती कोंडवाड्यात घातली. बा चाबूक घिऊन आला. मी म्हनलं, मास्तराची पोरगी बुडत हुती, तिला काढली. बा म्हनला, ती तिच्या भावानं काढली, समदं गाव म्हनतंय. वर खोटं बोलतूस व्हय? खोटं बोलला म्हनून आनखी मारलं." त्याने हातातला काटा दूर फेकला. "तवापास्नं कुनाला न्हाय सांगितलं."

नारायणरावांनी हात जोडले. अजिनाथने त्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं, पण राहू दे म्हणाला नाही.

"पोरगी बरी हाय का?" त्याने विचारलं.

"अकलूजला असते. नातवंडं आहेत तिला."

"लई चांगलं झालं. च्या घ्या, निवतोय."

नारायणरावांनी चहा संपवला. परतीच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली होती. पण काचेत आपलाच चेहरा दिसतो म्हणून ते उठून दाराशी उभे राहिले.

दोन दिवसांनी ते अकलूजला प्रभाकडे गेले. ती भुईमुगाच्या शेंगा फोडत होती. दादा आला म्हणून तिने लगबगीने पाट मांडला. ते पाटावर बसले नाहीत. उभ्यानेच सगळं सांगितलं.

प्रभा शेंगेतला एकच दाणा बोटाने चाचपत राहिली.

"मला घोंगडीचा वास आठवायचा," ती म्हणाली. "ओल्या लोकरीचा. मी आईला म्हणायचे, ज्याने मला धरलं त्याला मेंढराचा वास येत होता. तुम्ही सगळे हसायचात. तूही हसायचास, दादा."

"हो."

"मला वाटायचं, माझंच डोकं फिरलंय. पन्नास वर्षं मी तुझ्या पाया पडले."

पुढच्या रविवारी प्रभा मुलाच्या गाडीने केमला गेली. "मी येऊ का?" या नारायणरावांच्या प्रश्नाला तिने फोनवर एवढंच उत्तर दिलं, "नको." तिथे काय बोलणं झालं ते तिने अजून सांगितलेलं नाही.

घरी अनीश आणि चेतनाला सांगणं त्यामानाने सोपं गेलं. चेतना एवढंच म्हणाली, "बाबा, जेवून घ्या." अवघड होतं ते देवयानीला सांगणं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि रडवेली होऊन म्हणाली, "पण मी वर्गात सांगितलंय! बाईंनी तुमच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या होत्या."

"मग आता खरं सांगायला हवं."

"मी नाही. मला लाज वाटते."

"मी येतो. मीच सांगतो."

शाळा सुरू झाल्यावर दुसऱ्या आठवड्यात, बाईंची परवानगी काढून, नारायणराव देवयानीच्या चौथीच्या वर्गापुढे उभे राहिले. अजिनाथचं नाव त्यांनी तीनदा घेतलं. मुलं चुळबुळ करत होती. शेवटी मधल्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला.

"तुम्हाला पोहता येत नव्हतं का?"

"येत होतं," ते म्हणाले.

चुळबुळ थांबली. बाईंनी घसा खाकरला. टाळ्या वाजवायच्या की नाही हे त्यांनाही कळत नव्हतं, आणि त्या वाजल्या नाहीत.

सुट्टीची घंटा होईपर्यंत नारायणराव फाटकाशी थांबले. देवयानी आली ती मैत्रिणींपासून वेगळी, एकटीच. एरवी ती रस्ता ओलांडताना त्यांचं बोट धरायची. आज तिने दोन्ही हातांनी दप्तराचे पट्टे धरले होते. रिक्षात बसल्यावर ते दप्तर तिने दोघांच्या मधे ठेवलं. नारायणरावांनी ते उचलून बाजूला केलं नाही.