मधल्या उंचवट्यावरचं चाक

आज सून मोबाइलवर घरगुती गाडी चांगली की वाऱ्यासारखी पळणारी महागडी गाडी, ते ऐकत होती. मला जैनथ गावाकडचं चुलत पुतणीचं लग्न आठवलं.

हैदराबादचा नवरदेव तसल्याच बुटक्या, चकचकीत गाडीतून आला होता. बैलगाड्यांच्या गाडवाटेवर दोन चाकोऱ्यांच्या मध्ये माती उंच राहते. तिच्यावर गाडीचं पोट टेकलं आणि चाकं नुसती फिरत राहिली. मुहूर्त जवळ आला होता. मागून आमची जुनी गाडी आली. हे चालवत होते, मागे सासरे, दीर आणि अंग चोरून मी. पुढं जायला शेजारून दुसरी वाट होती, पण तीही तशीच.

दीर म्हणाले, "ते नाई निघाली, तं आपलं डबडं काय निघन?"

माहेरी अशाच वाटेनं कापसाची जीप जाताना मी पाहिली होती. मी यांना हळूच म्हणाले, "एक चाक मदातल्या उंचवट्यावर घ्या, दुसरं काठावर. चाकोरीत उतरूच नका."

दीर उतरले, नवरदेव बसला. कपाशीची पऱ्हाटी दारांना घासत होती, तापल्या मातीचा वास येत होता. गाडी डुलत गेली, पण कुठं टेकली नाही. अक्षता वेळेवर पडल्या.

मांडवात सगळे यांचं कौतुक करू लागले, तर हे सासऱ्यांसमोरच म्हणाले, "गाडी म्या चालवली, पण वाट इनं सांगतली."

तेव्हा मी पदर ओढून बायकांत शिरले. आता वाटतं, जरा वेळ तिथंच उभं राहायला पाहिजे होतं.