ओव्हिलाचा खिळा

सागने नदीच्या वरच्या जंगलात गोद्रो कुटुंबाची एक लाकडी खोपी आहे. तिच्या भिंतीवर अकरा खिळे होते. नियम म्हाताऱ्या ओव्हिलाच्या वडिलांनी घालून दिलेला: बर्फात रुतू नये म्हणून बुटांखाली बांधायचे जाळीचे जोडे घालून जो गावापासून इथवर स्वतःच्या पायांनी येईल, त्याचा खिळा. त्यावर त्याने जोडे टांगायचे. पाठीवर बसून आलेल्याला वाटाण्याचं सूप मिळे, खिळा मिळत नसे.

ओव्हिलाची चार वर्षांची नात मायेली गेल्या हिवाळ्यात त्याच्या पाठीवर घोरत पोचली होती. यंदा ती इरेला पेटली होती, आणि म्हातारा तिच्या दुप्पट. वय चौऱ्याहत्तर, डावा गुडघा कुरकुरत होता. डॉक्टर ऑपरेशन करा म्हणत, तर हा म्हणे, ‘आता कशाला चिरफाड!’ पोरीचा खिळा मात्र त्याला स्वतःच्या हाताने ठोकायचा होता.

निघताना मुलीने, जोझियानने, घसरगाडी घेतली.

“ही कुणासाठी?”

“मायेली दमली तर, बाबा.”

“निघतानाच अपशकुन करतेस होय गं!”

ताजा बर्फ मांडीएवढा खोल, भुसभुशीत. मायेली फेंगडी पावलं टाकी, तोंडावर आपटे, खदाखदा हसे आणि पुन्हा उठे.

अर्ध्या वाटेत तिच्या जोड्याची वादी सुटली. ओव्हिलाचा गुडघा वाकेना, म्हणून त्याने आपले जोडे काढून शेजारी ठेवले आणि बर्फातच फतकल मारली. आयुष्यभर याच माणसाने सगळ्यांचे कान किटवले होते: “जोडे फांदीला अडकवा! कच्च्या कातड्याची जाळी ती, कुत्र्याला मेजवानी!” वादी बांधून वळला, तर पातो कुत्रा एका जोड्याची जाळी फस्त करून दुसऱ्याला लागला होता. उरली होती नुसती लाकडी चौकट.

ओव्हिलाने एक पाऊल टाकलं आणि मांडीपर्यंत रुतला.

“फांदीला अडकवा,” जोझियान गंभीर चेहऱ्याने म्हणाली.

“गप्प बस!”

“बसा गाडीवर.”

“मेलो तरी नाही!”

तिसऱ्या पावलाला तो मुकाट्याने गाडीवर बसला.

मग काय विचारता! जोझियान पुढून ओढतेय, मायेली मागून ढकलतेय, पातो भुंकतोय. “आजोबा, पाय वर घे! आजोबा, झोपायचं नाही हं!” हसून हसून म्हाताऱ्याच्या डोळ्यांतलं पाणी पापण्यांवर गोठलं. आणि हुकूम सोडण्याच्या नादात मायेली दमायचंच विसरली. खोपीच्या दारात ती स्वतःच्या पायांवर उभी होती.

ओव्हिलाने हातोडी घेतली आणि बारावा खिळा तिच्या हाताला येईल एवढ्या उंचीवर ठोकला.

मायेलीने जोडे टांगले, मग वरच्या एका जुन्या खिळ्याकडे बोट दाखवलं. “तो तुझा ना, आजोबा?”

“साठ वर्षं झाली त्याला.”

“पण आज तू गाडीवरून आलास.”

जोझियानने तोंडावर हात दाबून धरला. नियम तो नियम. ओव्हिलाने पक्कड आणली, खिळा उपटला आणि नातीच्या तळहातावर ठेवला.

“पुढच्या वर्षी चालत ये,” तिने मूठ मिटली. “मग देईन.”

म्हाताऱ्याने सुपाचे दोन घोट घेतले.

“जोझियान, त्या गुडघ्याच्या डॉक्टरला उद्या फोन लाव.”