झाकण उघडलं की मरणारं मशीन

सुनेने मला तिचा जुना लॅपटॉप दिला तेव्हा घरातल्या सगळ्यांना वाटलं, म्हातारा दोन दिवस खेळेल आणि ठेवून देईल. मी तिसरी शिकलेला माणूस. चौथीच्या वर्षी वडिलांनी होडीवर नेलं, आणि गुडघ्यांनी साफ नाही म्हटलं तेव्हाच मी समुद्र सोडला. मधली सगळी वर्षं पाचूबंदरच्या धक्क्यावरून जात-येत राहिलो, त्यातली बरीचशी तांडेल म्हणून. बोटीवर माझा शब्द चालायचा. एवढ्याशा चपट्या डब्याने माझ्यापुढे अडून बसावं, हे मला चालणारं नव्हतं.

काम असं होतं. जुन्या तांडेलांना ठाऊक असलेल्या समुद्रातल्या खुणांचं एक पुस्तक छापायचं आमच्या मच्छीमार सोसायटीने ठरवलं. पाण्याखाली खडक कुठे आहे हे आम्ही किनाऱ्याकडे बघून ओळखतो. चर्चचा मनोरा आणि मागच्या डोंगराचा खांदा एका रेषेत आले की जाळं टाकायचं नाही, अशा त्या खुणा. आता सगळ्यांकडे जीपीएस आहे. पण मागच्या मोसमात एका बोटीचं ते यंत्र भर समुद्रात बंद पडलं, जाळं खडकावर गेलं आणि चिंध्या होऊन परत आलं. मग सोसायटीला आमची आठवण झाली.

सेक्रेटरी घरी आला. म्हणाला, "काका, तुम्ही फक्त सांगा. आमचा टायपिस्ट लिहून घेईल."

मी म्हटलं, "मीच लिहीन."

"तुम्ही?"

"का? माझ्या बोटांना काय झालंय?"

पुढच्याच्या पुढच्या रविवारी, चर्चमधल्या मिस्सानंतर सभा होती. तोवर लिखाण आलं नाही तर तुमच्या भागातल्या खुणा दुसऱ्या तांडेलाकडून घेऊ, असं तो जाताना सांगून गेला. तो दुसरा तांडेल माझा लहानपणापासूनचा मित्र. माणूस चांगला, पण एक मोठा खडक तो आयुष्यभर चुकीच्या जागी सांगत आला आहे. त्याच्या भरवशावर कोणी जाळं टाकलं तर पुस्तक छापूनही जाळं फाटणारच.

सांगून लिहून घ्यायला मी का तयार नव्हतो, तेही सांगतो. फार वर्षांपूर्वी बोटीच्या कागदांसाठी कचेरीबाहेर बसणाऱ्या माणसाकडून मी अर्ज लिहून घेतला होता. मी बोलत गेलो, तो लिहीत गेला, मी सही केली. घरी येऊन अक्षर अक्षर लावून वाचलं तर पहिल्याच ओळीत, 'अर्जदार अशिक्षित असून'. खाली माझी सही, चांगली वळणदार. त्या दिवसापासून माझं बोलणं मी दुसऱ्याच्या हातात दिलेलं नाही.

तर मी दोन बोटांनी लिहायला बसलो. मशीन सुनेचं, पण खुणा माझ्या, म्हणून त्या माझ्या स्वतःच्या पेन ड्राइव्हमध्ये ठेवायच्या असं मी ठरवलं. सून म्हणाली, "पप्पा, झाकण लावण्याआधी पेन ड्राइव्ह काढून ठेवत जा." मी हो म्हटलं आणि काढला नाही. उलट जाळ्याच्या नायलॉन धाग्याने तो मशीनलाच बांधून टाकला. होडी धक्क्याला लागली की माणूस आधी दोर बांधतो, मग घरी जातो. न बांधलेली वस्तू भरती घेऊन जाते. एवढ्या वर्षांच्या खुणा त्या बोटभर तुकड्यात, आणि तो मी मोकळा सोडू?

पहिल्याच दुपारी जेवायला उठताना झाकण लावलं. आमच्याकडची हवा खारी, उघडी वस्तू गंजते. जेवून आलो, झाकण उघडलं, तर आधी काळोख, मग निळा पडदा, त्यावर काहीतरी इंग्रजी, आणि मशीन पहिल्यापासून सुरू. सकाळचं लिखाण गेलं. दुसऱ्या दिवशी तेच. मग सुनेने प्रत्येक ओळीनंतर सेव्ह करायला शिकवलं. मी दाबत राहिलो. पाचव्या दिवशी मशीन पुन्हा मेलं, आणि या खेपेला फाइल उघडेचना. अकरा खुणा बुडाल्या.

सुनेने मोबाइलवर शोधून सांगितलं, "झाकण लावलं की ते झोपतं, पप्पा. आणि झोपेतून उठताना क्रॅश होतंय. तुम्ही दर वेळी शटडाऊन करा ना."

"जेवायला जाताना कोणी इंजिन खोलून ठेवतं का?"

"मग टायपिस्टला सांगा."

दुसऱ्या दिवशी धागा सोडून पेन ड्राइव्ह खिशात घातला, कारण तो परक्या दुकानात नेणार नव्हतो, आणि मशीन घेऊन स्टेशनजवळच्या दुरुस्तीवाल्याकडे गेलो. त्याने मशीनआधी माझ्याकडे बघितलं. "काका, जुनं झालंय हे. या वयात टॅब घ्या, पिक्चर बघायला मस्त."

"मला पिक्चर बघायचे नाहीत. याला झोपव आणि उठवून दाखव."

त्याने झाकण लावलं, उघडलं. मशीन मुकाट्याने उठलं. पुन्हा लावलं, पुन्हा उठलं. तो हसला. "चालतंय की! घरी तुम्हीच काहीतरी भलतं दाबत असणार."

बसमध्ये खिडकीशी बसून मी रागाने धुमसत होतो. पण पाचूबंदर येईपर्यंत रागाच्या जागी दुसरंच काही डोक्यात आलं. तिकडे उठतं आणि घरी मरतं, म्हणजे आजार मशीनला नाही. घरी त्याला असं काय लागलेलं असतं, जे दुकानात नव्हतं? तीन वस्तू. चार्जर, माउस आणि पेन ड्राइव्ह. बोटीचं इंजिन धूर ओकायला लागलं की मी एका वेळी एकच भाग काढून बघायचो. दोन काढले तर चोर कोण, ते कळत नाही.

घरी येऊन तिन्ही वस्तू लावल्या, पेन ड्राइव्हला धागाही बांधला. चार्जर काढला, झोपवलं, उठवलं. मेलं. चार्जर परत लावला, माउस काढला. मेलं. बायको मासळी साफ करता करता म्हणाली, "आल्याधरनं झाकन उघडायचं नि लावायचं. दुसरं काम नाय तुम्हाला?"

"चोर पकडतोय."

"मग पोलिसांना बोलवा, जेवन थंड होतंय."

राहिला पेन ड्राइव्ह. गाठीकडे बराच वेळ बघत बसलो. गाठ माझी, चांगली पक्की. सुरीने कापली, पेन ड्राइव्ह उपटला, झाकण लावलं, शंभरपर्यंत मोजलं आणि उघडलं. मशीन उठलं. दहा वेळा झोपवलं, दहाही वेळा उठलं.

संध्याकाळी सून कामावरून आल्यावर तिला सांगितलं. ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "पप्पा, पहिल्या दिवशी मी काय सांगितलं होतं?"

"काढून ठेव म्हणालीस. का काढायचा, ते तुला तरी कुठे ठाऊक होतं? आता मला ठाऊक आहे."

"म्हणजे चूक माझीच?"

"अर्धी," मी म्हटलं. याहून जास्त मी कोणापुढे वाकलेलो नाही.

बुडालेल्या अकरा खुणा आणि उरलेल्या आठ, सगळ्या पुन्हा लिहिल्या. डोळे मिटले की किनारा दिसतोच, तो कुठल्या मशीनमध्ये बुडत नाही. रविवारी सून म्हणाली, सभेला बंद करून न्या. मी पेन ड्राइव्ह खिशात घालून मशीन झोपलेलंच नेलं. सेक्रेटरीपुढे टेबलावर ठेवून झाकण उघडलं आणि तोंड अगदी दगडासारखं ठेवलं. पडदा उजळला. एकोणिसावी खूण समोर होती.

"टायपिस्टला सांग," मी म्हटलं, "छापायचं ते असंच. एक शब्द इकडचा तिकडे नको."

माझा मित्र चष्मा लावून पुढे आला, वाचलं आणि मान हलवली. "ए, हा खडक एवढा उत्तरेला नाय रं."

"मग उद्या सकाळी बोट काढू. तू तुझ्या खुणेवर दोराला बांधून वजन सोड, मी माझ्या खुणेवर सोडतो. कोणाचं खडकावर वाजतं, ते सगळे बघतील."

"तुझे गुडघे?"

"ते मी बघून घेईन. तू येतोस का, बोल."

त्याने चष्मा काढून खिशात घातला. सेक्रेटरीने माझी फाइल मागितली. मी पेन ड्राइव्ह सोसायटीच्या कॉम्प्युटरला लावला, कॉपी करून दिली आणि त्याच्यादेखत काढून घेतला.