तीन बाकांची गाडी

गाडी घ्यायची तर तीन बाकांचीच, हा हट्ट माझा. आमच्या ह्यांना छोटी मोटार हवी होती. आमच्या पापडी गावात तेव्हा ज्या दोन-चार घरांपुढे मोटारी उभ्या असत, त्या सगळ्या छोट्याच, रविवारी पुसूनबिसून चर्चला नेण्यासारख्या. ह्यांनी तशी एक बघूनही ठेवली होती. पिस्त्याच्या रंगाची. आत बसून आले आणि जेवताना सारखं तिच्या मऊ गाद्यांचं कौतुक. मी वाढता वाढता म्हटलं, "आणि रक्त देणारी माणसं काय टपावर बसवणार?" पिस्त्याच्या रंगाचा विषय तिथेच संपला.

आमच्या मुलीच्या अंगात रक्त टिकत नसे. ती नुकती चालायला लागली होती तेव्हा ते कळलं. डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं, आणि उपाय एकच: महिन्याच्या महिन्याला मुंबईला आणायचं आणि रक्त चढवायचं. किती वर्षं, असं मी विचारलं, तर ते खिडकीबाहेर बघायला लागले. महिना सरत आला की पोर पिवळी पडायची. ओठ पांढरे, अंगणातून ओट्यावर चढताना धाप. सकाळी तिला उचलून न्यायचं, आणि रक्त चढलं की संध्याकाळी तीच पोर माझ्या मांडीवर बसून शेजारणींच्या नकला करायची. हे बघितल्यावर कुठली आई गप्प बसेल?

पण हॉस्पिटलचा नियम होता. जेवढ्या बाटल्या हव्यात तेवढे रक्त देणारे आणा. आमचं दोघांचं देऊन झालं, आणि एकदा दिलेल्या माणसाला पुढचे तीन महिने तिथे उभं करत नसत. म्हणजे दर खेपेला नवी माणसं हवीत. मी घरोघर फिरले. कोणाला वाडीला पाणी सोडायचं होतं, कोणाच्या केळी उतरायच्या होत्या, कोणाच्या बायकोने आतूनच खाकरून नवऱ्याला नको म्हणून सांगितलं. तरी काही जण आले. मग एकदा परतीच्या वाटेवर आमचा शेजारी स्टेशनात चक्कर येऊन पडला, कपाळाला खोक पडली. त्याला बरं वाटायला एक चहा पुरला, पण गावात बातमी अशी पोचली की हॉस्पिटलवाले माणूस पार पिळून काढतात. पुढच्या महिन्यात सगळ्यांनी हात वर केले. त्या महिन्यात पोरीला एकच बाटली मिळाली, तीही वॉर्डातल्या दुसऱ्या एका मुलाच्या बापाने दया येऊन दिलेली. मी त्या माणसाच्या पाया पडले. मला कधी कोणापुढे वाकायची सवय नव्हती.

तेव्हा मी ठरवलं. माणसाला त्याच्या दारातून उचलायचं आणि दुपारच्या पाण्याच्या वेळेआधी त्याच्या दारात आणून सोडायचं. मग कोणाला काय सबब उरते ते बघते. सासूबाईंनी हे ऐकलं आणि वाडीचा विहिरीकडचा तुकडा विकायला स्वतःहून काढला. त्या तुकड्यात त्यांच्या हातच्या पानवेली होत्या.

गाडी मिळाली ती एका रस्त्याच्या कंत्राटदाराची लांब जीप. डिझेलची, आवाज दळणाच्या गिरणीसारखा. मागे दोन आडवी बाकं, समोरासमोर. हायवेजवळ गाड्यांची बॉडी बांधणारा एक चांदीप गावचा कारागीर होता, त्याच्याकडे ती नेली. म्हटलं, ही आडवी बाकं काढा आणि मागे दोन रांगा करा, सगळ्यांची तोंडं पुढे. तो हसला. "बाई, आडव्या बाकावर मानसं जास्त बसतात. रांगा करून नुकसान तुमचंच."

"आडवं बसून माणसाला मळमळतं," मी म्हटलं. "मला माणसं जास्त नकोत. न ओकता घरी पोचणारी हवीत."

"कुठं नेता एवढी?"

मी सांगितलं. तो डोकं खाजवत राहिला. मग मधलं बाक त्याने माझ्याकडून एक पैसा जास्त न घेता रुंद करून दिलं, पोरीला आडवं पडता यावं म्हणून. वर टपही पत्र्याचा केला. "पावसात एक थेंब पानी येनार नाय," म्हणाला. पहिल्याच पावसात तिसऱ्या बाकावर धार लागली, पण त्या माणसावर मला कधी रागावता आलं नाही.

रविवारी मिस्सा झाल्यावर फादरनी गाडीवर पवित्र पाणी शिंपडलं. लोक भोवती जमले. एक म्हातारा म्हणाला, आता लग्नाला वऱ्हाड न्यायची सोय झाली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "जो रक्त देईल त्याचं वऱ्हाड नेईन." लोकांना वाटलं मी थट्टा करते आहे. मी अजिबात थट्टा करत नव्हते. पुढे खरंच तसं केलं. ज्या घरातून हात पुढे आला त्या घरचं लग्न, बारसं, मयत, सगळ्याला आमची गाडी गेली. बाकीच्यांनी मला काय काय नावं ठेवली ती मला ठाऊक आहेत. ठेवेनात का. मला महिन्याला गाडीभर माणसं हवी होती.

आणि मिळू लागली. पुढे ह्यांच्या शेजारी दोघं, मधल्या बाकावर मी आणि पोर, मागे तिघं-चौघं. बायका जास्त. पुरुष सबबी सांगत राहिले आणि त्यांच्या बायका पदर खोचून गाडीत चढल्या. वटार गावची माझी वहिनी तर पाळी लावल्यासारखी दर तीन महिन्यांनी हजर. ती खाडीच्या पुलापर्यंत बोलायची आणि पुलापासून घोरायची. पोर माझ्या मांडीवरून मान वळवून मागे बघायची आणि म्हणायची, "आई, आज मामीचं रक्त मिळालं तर मी पण घोरेन." कोणाचं रक्त कोणाला जातं हे तिथे कोणी सांगत नसे, पण तिचा तिने हिशेब लावलेला होता. एखाद्या दिवशी ती चिडचिड करायला लागली की मागून कोणीतरी म्हणायचं, आज हिच्या अंगात हिच्या आईचंच आहे.

ह्या गाडीने आमच्या नाकी नऊ आणले, तेही सांगते. थंडीत सुरूच होत नसे, ढकलायला शेजारी लागत. माणसांना दुपारी सोडून हे पुन्हा आम्हांला न्यायला मुंबईला येत, म्हणजे एकाच दिवसात दोनदा तोच रस्ता. ह्यांची कंबर कायमची गेली. महिन्यातला एक दिवस जगायचं आणि बाकीचे दिवस पुढच्या खेपेची माणसं शोधायची. कोणाच्याही घरी चहाला गेले की मी आधी त्याच्या दंडाकडे बघायचे.

आमच्या चाळीस दिवसांच्या उपवासकाळातला एक शुक्रवार मला जन्मभर पुरला आहे. त्या वेळी पोरीची तब्येत फारच उतरली होती, डोळे उघडायलाही तिला जड जात होतं. माणसं सासूबाईंनी जमवली होती, मला नवल वाटलं की एवढी पटकन कशी जमली. गाडीत कोणी फारसं बोलत नव्हतं. वहिनीसुद्धा जागी. ओठांनी जपमाळ चाललेली. मला वाटलं, पोरीकडे बघून सगळे धास्तावलेत. सासूबाईही त्या दिवशी बरोबर आल्या होत्या.

पोरीला वॉर्डात निजवून मी खाली रक्तपेढीत आले तर माझी सगळी माणसं बाहेरच्या बाकावर बसलेली. एकाच्याही दंडाला कापूस नाही. तिथला माणूस वैतागून म्हणाला, "बाई, तुम्ही कुठून आणलेत हे लोक? सगळे उपाशी. एकीला तर आत चक्कर आली. उपाशी माणसाचं रक्त आम्ही घेत नाही."

मी वहिनीकडे बघितलं. तिने खाली मान घातली. तेव्हा कळलं. सासूबाईंनी घरोघर जाऊन सांगितलं होतं की पोरीसाठी उपास धरायचा, काल संध्याकाळपासून पाण्याचा थेंब नाही, आणि मला कळू द्यायचं नाही, कारण देवाला द्यायचं ते बोलून दाखवायचं नसतं. आणि माणसं लगेच जमली होती ती ह्याच कारणाने. रक्त द्यायला जी चार वेळा विचार करत, ती उपासाला एका हाकेत तयार झाली होती.

माझा तोल गेला. त्या हॉस्पिटलच्या बोळात, सगळ्यांसमोर मी सासूबाईंना म्हटलं, "पोर वर मरायला टेकली आहे, आणि तुम्ही तिच्या रक्ताच्या बाटल्या उपाशी ठेवल्यात?" लोक वळून बघत होते. मी हातही उगारला असेन, मला आठवत नाही. सासूबाईंचेही ओठ कोरडे पडले होते.

रक्तपेढीचा माणूस म्हणाला, यांना खायला घाला, दोन तास बसवा, बारा वाजायच्या आत आणलंत तर घेतो. मी कँटीनमध्ये धावले. होते नव्हते तेवढे पाव आणि उकडलेली अंडी पदरात घेऊन गाडीत आणली आणि प्रत्येकाच्या हातात कोंबली. कोणी खाईना. हातात पाव धरून तीन बाकांवर माणसं नुसती बसून. उपवासकाळातला शुक्रवार, बोललेला नवस, आणि घरातलं वडील माणूस समोर उपाशी. त्यांच्याआधी घास कोण मोडणार? मी ओरडले, रडले, वहिनीचा दंड धरून हलवला. ती म्हणाली, "वन्सं, तू त्यांना सांग."

वन्सं काय सांगणार? वन्संने दहा मिनिटांपूर्वी त्यांना चारचौघांत उभं चिरलं होतं.

सासूबाई गाडीच्या पायरीपाशी उभ्या होत्या. त्यांनी गळ्यातल्या क्रुसाला हात लावला, माझ्या पदरातला एक पाव उचलला आणि खाल्ला. घोटभर पाण्याशिवाय, सुका, उभ्याने. रडत खाल्ला. त्या आयुष्यात उपास मोडलेल्या बाई नव्हत्या. मग मागून पावाच्या कागदाचा आवाज झाला आणि सगळे खाऊ लागले. बाराच्या आत बाटल्या झाल्या. त्यातली पहिली वर चढली तेव्हा मी पोरीच्या पायाचे तळवे घासत होते, ते गरम होईपर्यंत मी वर बघितलं नाही.

त्या दिवसापासून सासूबाईंनी एक नेम धरला. खेपेच्या दिवशी सकाळी फाटकापाशी पातेलं घेऊन उभ्या. अंडं, पाव, गुळाचा चहा. खाल्ल्याशिवाय कोणाला गाडीत पाय ठेवू देत नसत. माणूस खातो आहे की नाही ते समोर उभं राहून बघत, लहान मुलाला भरवताना बघतात तसं. परत आलेल्यांसाठी पेज तयार. उपासाचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही, आणि मी त्या दिवशी बोलले त्याबद्दलही आमच्यात कधी काही निघालं नाही. दोघींनीही ते तसंच पोटात ठेवलं.

पोर चौथीत गेली त्या वर्षी डॉक्टर म्हणाले, हृदय थकलंय. वर्षानुवर्षं लोकांचं रक्त घेऊन तिच्या अंगात काहीतरी साचत गेलं होतं, आणि त्यावरचं औषध त्या वेळी आमच्या हाताला लागणारं नव्हतं. म्हणजे जे देऊन आम्ही तिला जगवत होतो त्यानेच. हे मला कळलं तेव्हा मी कोणावर चिडायचं, सांगा.

पाऊस सरत आला होता. त्या खेपेला गाडी कधी नव्हे इतकी भरली. मी कोणाच्या दारात गेले नव्हते. माणसं आपणहून आली, सबबी सांगणारे पुरुषही आले, तिसऱ्या बाकावर दाटीवाटीने बसले. पोर वाटेत एकदाच बोलली. मामी घोरत का नाही, असं विचारलं. मामी मागे तोंडात पदर कोंबून बसली होती. तिने लगेच घोरल्याचं सोंग केलं, आणि पोर हसली.

रक्तपेढीतला माणूस आता आम्हांला ओळखत होता. त्याने एकालाही परत पाठवलं नाही. इतक्या बाटल्या आमच्या नावावर कधीच झाल्या नव्हत्या. वर पोरीच्या हातात पहिली बाटली अर्धी झाली होती तेव्हा तिने माझं बोट सोडलं. मी कितीतरी वेळ त्या थेंबांकडेच बघत होते. ते पडतच होते.

माणसं खाली गाडीपाशी थांबलेली. ह्यांनी दार उघडलं तसे सगळे बाजूला झाले. वहिनी म्हणाली, "तुम्ही पुढे व्हा, आम्ही आमचे येतो." चक्कर येईल म्हणून ज्यांना मी कधी एकटं सोडलं नव्हतं, ती माणसं दंडाला कापूस दाबून फाटकातून चालत निघाली. ती गाडी मला इतकी रिकामी कधी वाटली नव्हती. मधल्या बाकावर आम्ही दोघी, पुढे हे, बाकी काही नाही. मागचं बाक रस्ताभर खडखडत होतं.

घरी पोचलो तर सासूबाई फाटकात. ओट्यावर पेजेचं पातेलं, शेजारी ताटल्यांची चळत, सगळ्यांना पुरतील एवढ्या. त्यांनी आधी मागच्या बाकाकडे पाहिलं, मग पुढे, मग माझ्या मांडीकडे. गाडीच्या दाराला त्यांनी दोन्ही हातांनी धरलं.

"आज सगळे खाऊन गेले होते ना गं?" त्यांनी विचारलं. "मी बघितलं होतं. कोणी राहिलं नव्हतं ना?"

"सगळे खाऊन गेले होते, आई," मी म्हटलं. "कोणी राहिलं नव्हतं."

तरी त्यांनी दार सोडलं नाही. त्यांनी पुन्हा तेच विचारलं, आणि मी पुन्हा तेच सांगितलं.