दोन दोन पिंपं

त्या दिवाळीच्या सुट्टीत मी पुण्याच्या शेतकी कॉलेजातून सायखेड्याजवळच्या आमच्या मळ्यात आलो, तेव्हा आभाळ दाटून होतं. छाटणीनंतरची कोवळी फूट आणि त्यात असं आभाळ, म्हणजे द्राक्षांवर केवडा, म्हणजे पानांवरची बुरशी, पडायची भीती. मला एका जागी बसवत नव्हतं. पानं उलटून पाहायचो, पुन्हा आभाळाकडे पाहायचो.

वडिलांची आणि काकांची बाग बांधाला बांध लागून. फवारणीचा पंप सामाईक. मोरचूद आणि चुना कालवून चार पिंपं औषध करायचं आणि दोन दोन वाटून घ्यायची, ही वाटणीपासूनची रीत. वाटणीच्या वेळी दोन्हीकडे वेली सारख्या होत्या. पुढे काकांच्या वाळल्या, त्यांनी नव्या लावल्या. त्या अजून माझ्या खांद्याला लागत नव्हत्या. तिथे औषध पानांवरून मातीत ओघळायचं, कोवळ्या कडा करपायच्या. आणि वडिलांच्या पसरलेल्या वेलींच्या शेवटच्या ओळी कोरड्या राहायच्या.

काकांना एक पिंप पुरे होतं. हे सांगायला मी दोनदा बांधापर्यंत गेलो आणि भलतंच काही बोलून परतलो. घरात शिकणारा मी पहिला. माझं पहिलंच शास्त्र आपल्या बापाच्या फायद्याचं निघालं, तर काका माझ्यावर पुन्हा कधी विश्वास ठेवतील का, हे मनातून जात नव्हतं.

औषध कालवलं की त्याच दिवशी संपवावं लागतं. पिंपं भरली, तेव्हा बोलावंच लागलं.

"काका, औषध वेलीगणिक नाय, पानागणिक लागतं. तुमच्याकडं एक पिंप बास होईल."

काका विळ्याचं पातं औषधात बुडवून त्यावर तांबं चढतं का, म्हणजे चुना कमी पडला का, ते बघत होते. "बरं शिकवलं पुण्यात. उद्या भाकरी बी तोंड बघून वाढशील."

"तसं नाय, काका."

"उद्या माझ्या वेली वाढल्या, अन् दादानं त्याची म्हातारी बाग उपटून नवी लावली, मग? तवा बी हेच बोलशील?"

"हो."

"मग दादाच्या तोंडावर बोल."

वडील पंपाच्या दांड्याशीच उभे होते. मी त्यांच्याकडे वळून म्हणालो, "तुमची बाग नवी होईल तेव्हा तुम्हाला एक पिंप, काकांना तीन." वडील माझ्याकडे न बघता म्हणाले, "कबूल हाय."

काकांनी नळी माझ्या हातात दिली. "माझ्या वेलींना औषध तूच मार. केवडा आला तर तुला इचारीन, पुस्तकाला नाय."

वडील दांडा मारू लागले. पहिली वेल ओली झाली, मी पुढे सरकलो. मग वाटलं, पानांची खालची बाजू राहिली, म्हणून मागे आलो. दुसऱ्या वेलीशीही तेच. काका मागोमाग पानं उलटत येत होते. ओळ संपायच्या आत पिंप अर्ध्यावर आलं.

"दुसरं उघडू का?" वडिलांनी विचारलं.

"काय गरज नाय," काका म्हणाले, आणि मला पुढच्या वेलीकडे ढकललं. "एकदा मारलं की पुढं हो. प्रत्येकीला दोनदा मारायचं, तर माझी दोन पिंपं काय वाईट होती?"