दुसऱ्याच्या खुर्चीत

"नाव काय डॉक्टर तुमचं?" असं माझ्या दवाखान्यात कुणी विचारलं, की सहा फुटी, दाढीवाले सलीमसाहेब गंभीर चेहऱ्यानं सांगत, "आज मैंच जाधवबाई हूँ."

जाधवबाई म्हणजे मी. मुकुंदवाडीत माझा दवाखाना, दोन गल्ल्या सोडून त्यांचा. फॅमिली डॉक्टरांच्या आमच्या संघटनेचे ते सचिव. सभासदत्वाचा फॉर्म घेऊन पहिल्यांदा आले तेव्हा मी नाक मुरडलं होतं. संघटना म्हणजे वर्षाची एक डायरी आणि एक सहल, एवढीच माझी समजूत. "सही करून ठेवा," ते म्हणाले, "एकट्या डॉक्टरला आजारी पडायची सोय नसते." ते उठावेत म्हणून मी सही केली.

त्यानंतर तिसऱ्या वर्षी मी जिन्यावरून घसरले आणि पाय मोडला. दीड महिना प्लास्टर. दवाखान्याचा आत्ता कुठं जम बसत होता. आता सगळे पेशंट जाणार म्हणून मी रडले. कुलूप लावायला निघालेल्या माझ्या नवऱ्याकडून सलीमसाहेबांनी किल्लीच काढून घेतली.

"कुलूप नाय लावायचं. कुलूप दिसलं की पेशंट रस्ता बदलतो."

संघटनेतल्या सहा डॉक्टरांच्या त्यांनी पाळ्या लावल्या. आपला दवाखाना सांभाळून प्रत्येकानं आठवड्यातून एकदा माझ्या खुर्चीत बसायचं. आपलं कार्ड पेशंटला द्यायचं नाही, आणि काय केलं ते माझ्या वहीत लिहायचं. कुणाला जमलं नाही की सलीमसाहेब स्वतः बसत. खरं सांगते, मला ते खुपायचं. शेजारचाच डॉक्टर, माझेच पेशंट! रोज वही घरी यायची, आणि त्यांच्या अक्षरात मी खोट शोधायची. 'कमलबाई. बीपी ठीक. सुनेशी अबोला आहे, बाईंनी विचारावं.' असलं काहीतरी लिहिलेलं असायचं.

काठी टेकत मी दवाखान्यात परतले, त्या सकाळी पहिल्या आल्या त्या कमलबाईच.

"सलीम डॉक्टर लई चांगला मानूस," त्या म्हणाल्या. मी बीपीचा पट्टा जरा जास्तच आवळला. "घराजवळ पडतं म्हणून मधी त्यांच्याच दवाखान्यात गेले व्हते बीपी दाखवाया. तर हात जोडले की त्यांनी! म्हणले, 'कमलबाई, इथं मी तुम्हाला ओळखत नाय. बाईंच्या दवाखान्यात या, तिथं ओळखतो.'"

मला इतकी लाज वाटली की त्यांचं बीपी दोनदा घ्यावं लागलं. त्या गेल्यावर लगेच सलीमसाहेबांना फोन लावला. "साहेब, पुढं कुणावर वेळ आली, तर पाळीत माझंही नाव घाला."

"आधी जिने नीट उतरा," ते म्हणाले. "नाव तर सही केलीत त्याच दिवशी घातलंय."